नाचऱ्या आरशाची परीक्षा
लेसर स्कॅनर तपासण्याची व जुळविण्याची साधने

जबलपूर शहराच्या पूर्व भागात कांचघर नावाची वस्ती आहे. त्या नावाचा अर्थ मराठी वाचकास उलगडून सांगण्याचे कारण नाही. प्रस्तुत पाठाचा विषयही एक काचच आहे. मात्र ही काच अंगठ्याच्या नखाएवढी, वरच्या पृष्ठावर चकचकीत लेप दिलेली आणि एका सेकंदात शेकडो वेळा आपले तोंड फिरविणारी अशी असते. उत्सवप्रसंगी भिंतीवर लेसरच्या किरणाने जी अक्षरे, फुले व भूमितीच्या आकृत्या उमटतात, त्या सर्व अशा दोन आरशांच्या हालचालीतून निघालेल्या असतात. एक आरसा किरणास डावीकडून उजवीकडे नेतो, दुसरा वरून खाली. या जोडीस स्कॅनर असे म्हणतात.

भिंतीवर दिसणारे चित्र वस्तुतः चित्र नव्हेच. तेथे कोणत्याही क्षणी प्रकाशाचा एकच ठिपका असतो. दिवाळीत मुले फुलबाजी गरगर फिरवितात तेव्हा अंधारात तेजाचे अखंड कडे दिसते. तेथे कडे नसते, फिरणारे एक टोक असते. डोळ्यावर उमटलेला ठसा क्षणभर टिकतो आणि टोक पुन्हा त्याच जागी येईपर्यंत पुसला जात नाही, म्हणून कडे अखंड भासते. लेसरच्या खेळातही हेच घडते. फरक इतकाच, की फुलबाजी फिरविणाऱ्या मुलाच्या हातास वर्तुळाखेरीज फारसे काही काढता येत नाही, आणि स्कॅनरकडून गणपतीच्या सोंडेचे वळण आणि अक्षरांवरील शिरोरेषेचे टोक अशा दोन्ही गोष्टी बिनचूक हव्या असतात.

जबलपुरात १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. अशा कारखान्यात ‘गेज’ नावाच्या मापाला मोठा मान असतो. भाग कोणी घडविला, किती काळजीने घडविला, हे तेथे विचारीत नाहीत. तो गेजमध्ये बसतो की नाही, एवढेच पाहतात. स्कॅनरलाही असे गेज आहे काय? समजा, कांचघरातील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानी जुन्या प्रक्षेपकातून काढलेली स्कॅनरांची एक जोडी आली. विकणाऱ्याने सांगितले की, हा माल ‘तीस हजारांचा’ आहे, म्हणजे तो सेकंदाला तीस हजार बिंदू मांडू शकतो. हे विधान खरे की खोटे, हे कोणत्या साधनांनी ठरवावयाचे, आणि स्कॅनर ढिला निघाल्यास तो जुळवावयाचा कसा, हा या पाठाचा प्रश्न आहे. त्याच्याशी एक अधिक गंभीर प्रश्न जोडलेला आहे. आरसा मध्येच थांबला तर काय होईल? त्याचा विचार शेवटी येईल.

अलिबागचा आरसा

आरशावरून उडालेल्या किरणाने सूक्ष्म हालचाल मोठी करून पाहण्याची युक्ती नवी नाही. १८२६ साली जर्मनीत पोगेनडॉर्फने ती वापरली. १८५८ मध्ये विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, समुद्राखालील तारेतून येणारे अत्यंत क्षीण संदेश वाचण्यासाठी आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनविला. इवल्याशा आरशाच्या पाठीस चुंबकाचे तुकडे चिकटविलेले, आरसा रेशमाच्या धाग्यास टांगलेला, आणि भोवती तारेचे वेटोळे. प्रवाह आला की आरसा किंचित वळे व समोरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका सरके. १८७० साली मुंबई समुद्री तारेने एडन व सुएझमार्गे जोडली गेली, तेव्हा ही विद्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली होती. त्याच वर्षी जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ मिळून मुंबई–कलकत्ता हा लोहमार्ग सलग झाला, हा एक योगायोग.

परंतु मराठी मुलखात या आरशाचे सर्वांत दीर्घ काम झाले ते कुलाब्यास व अलिबागेस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८७२ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वातील चढउतारांची नोंद छायाचित्रण पद्धतीने होऊ लागली. टांगलेल्या चुंबकास आरसा जोडलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला किरण घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावरील प्रकाशसंवेदी कागदावर पडे आणि रात्रंदिवस रेघ ओढीत राही. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील, म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्याची व्यवस्था केली. तेथील इमारतीत लोखंड येऊ नये अशी दक्षता घेतली गेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोहोंचा मेळ बसवून पाहिला, आणि मगच कुलाब्याचे काम थांबविले. ट्राम १९०७ मध्ये विजेवर धावू लागली.

या हकीकतीतील दोन गोष्टी स्कॅनर तपासणाऱ्याने ध्यानात घेण्याजोग्या आहेत. अशा यंत्रात हलत्या आरशाशेजारी एक न हलणारा आरसा बसवीत. त्याची सरळ रेघ कागदावर पायारेषा म्हणून उमटे. तसेच कागदावरील एक मिलिमीटर म्हणजे चुंबकत्वातील किती बदल, हे ज्ञात बल लावून वेळोवेळी ताडून पाहावे लागे. ज्ञात संकेत द्यावयाचा, उत्तर मोजावयाचे, आणि मोजण्यास स्थिर आधार ठेवावयाचा: स्कॅनरच्या परीक्षेतही याहून निराळे तत्त्व नाही. मात्र अलिबागच्या आरशास मंद गतीने वळावयाचे होते. लेसरच्या आरशास वाऱ्याच्या वेगाने. सारी अडचण या वेगातून निर्माण होते.

वेगवान संकेतांसाठी आरसा प्रथम कामास लावला तो विद्युत्‌-अभियंत्यांनी. १८९७ मध्ये इंग्लंडात डडेलने बनविलेल्या दोलनलेखकात बलवान चुंबकाच्या क्षेत्रात ताणलेल्या पट्ट्यांवर बारीक आरसा असे, आणि तो फाजील थरथरू नये म्हणून सर्व भाग तेलात बुडविलेला असे. १९६० साली मेमनने पहिला लेसर प्रकाशित केला आणि या जुन्या आरशास नवा, सुईसारखा किरण मिळाला. १९ नोव्हेंबर १९७३ रोजी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर यांचा ‘लेसेरियम’ हा खेळ सुरू झाला, तेव्हापासून संगीताच्या साथीने किरण नाचविणे हा एक व्यवसाय बनला.

स्कॅनरच्या अंतरंगात

आजच्या स्कॅनरमध्ये धागा नाही व तेलही नाही. एक बारीक दंड दोन बेअरिंगांत बसविलेला असतो. दंडाचा मधला भाग हाच चुंबक. त्याच्या भोवती स्थिर वेटोळे. दंडाच्या पुढच्या टोकास आरसा, मागच्या टोकास आरशाची दिशा सांगणारा संवेदक. या संवेदकात बहुधा एक छोटा प्रकाशदीप व काही प्रकाशविद्युत्‌ घट असतात. दंडास जोडलेले पाते त्यांच्यामध्ये फिरते व घटांवर पडणारी सावली कमीअधिक होते. संगणकाकडून आलेली आज्ञा आणि संवेदकाने सांगितलेली प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना विवर्धकात सतत चालते. दोहोंत अंतर असेल तर ते मिटेल अशा दिशेने वेटोळ्यात प्रवाह सोडला जातो. घोडा व स्वार यांच्यातील लगामासारखे हे नाते आहे. लगाम सैल असेल तर घोडा वळणावर रेंगाळतो. फार खेचला तर अडखळून नाचू लागतो.

वेग वाढविताना निसर्ग जी किंमत मागतो ती साध्या गणिताने कळते. आरसा एका ठराविक कोनात मागेपुढे डोलत असता त्याची वारंवारता दुप्पट करावयाची असेल, तर प्रवेग चौपट लागतो. म्हणून प्रवाहही चौपट लागतो. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सोळापट होते! वेग दुप्पट, उष्णता सोळापट; यामुळेच फार वेगाने धावणाऱ्या आरशास फार मोठ्या कोनातून फिरविता येत नाही. आरशाच्या आकाराचेही तसेच. सर्व मापे दुप्पट केल्यास वजन आठपट आणि वळण्यास होणारा विरोध बत्तीसपट होतो. जोडीतील दुसरा आरसा पहिल्याहून मोठा ठेवावा लागतो, कारण पहिल्याने पसरविलेला किरण त्यास संपूर्ण झेलावयाचा असतो. तेव्हा जोडीतील दोन स्कॅनर स्वभावतः समान नसतात. त्यांना समान वागावयास लावणे हे जुळवणीचे अर्धे काम होय.

शाळेत करावयाचा प्रयोग

हे सर्व कळण्यास मौल्यवान उपकरणे लागत नाहीत. जुन्या रेडिओतील चार इंची लाउडस्पीकर घ्यावा. एक सेंटिमीटर चौरस आरशाचा पातळ तुकडा घेऊन त्याची एक कड रबराच्या पट्टीने लाउडस्पीकरच्या चौकटीस व दुसरी कड कागदी शंकूस चिकटवावी. शंकू पुढेमागे होताच आरसा बिजागरीवरील दारासारखा किंचित वळेल. प्रकाशासाठी विजेरीच्या तोंडावर बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा लावावा आणि भिंगाने त्या छिद्राची प्रतिमा आरशावरून दोन मीटर दूरच्या भिंतीवर पाडावी. खोली अंधारी असावी.

येथे लेसर पॉइंटर वापरू नये. त्यावर लिहिलेली शक्ती विश्वासार्ह नसते: अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१३ साली १२२ पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के व तांबड्यांपैकी ४४ टक्के सुरक्षिततेच्या नियमांत बसले नाहीत.

भिंतीवर मोजपट्टी चिकटवून ठिपक्याच्या स्थिर जागेवर खूण करावी. ही अलिबागची पायारेषा. मग लाउडस्पीकरला विवर्धकातून वीस आवर्तनांचा शुद्ध स्वर द्यावा. ठिपक्याची आडवी वा उभी रेघ होईल. तिची लांबी लिहून घ्यावी. स्वराचा जोर तोच ठेवून वारंवारता तीस, चाळीस, साठ, ऐंशी अशी चढवीत जावे व प्रत्येक वेळी लांबी मोजावी. रेघ प्रथम फारशी बदलत नाही, मग एका ठिकाणी एकदम लांबते, आणि त्यापुढे आखडत जाते. लांबी व वारंवारता यांचा आलेख काढल्यास टेकडीसारखा उंचवटा दिसतो. तो त्या यंत्राचा स्वतःचा, नैसर्गिक कंप होय. आता आरशामागे मेणाचा खडा चिकटवून प्रयोग पुन्हा करावा: वजन वाढल्यामुळे टेकडी कमी वारंवारतेकडे सरकते. खडा काढून शंकूस कापसाचा हलका बोळा टेकवावा. टेकडी सपाट होते. कापसाने जे केले ते डडेलच्या यंत्रात तेल करीत असे, आणि आजच्या स्कॅनरमध्ये तेच काम विवर्धकातील विद्युत्‌मंडल करते. त्यास अवमंदन असे म्हणतात.

ज्या विद्यार्थ्याने हा आलेख एकदा स्वतः काढला, त्यास ‘तीस हजार’ या आकड्यामागे काय दडलेले असते, हे शंभर पृष्ठे वाचणाऱ्यापेक्षा लवकर उमगते.

मेजावरील साधने

आता कांचघरच्या त्या कल्पित दुकानाकडे वळावे. तेथे मेजावर काय काय हवे? प्रवाहास मर्यादा घालता येईल असा व अँपिअरमापक असलेला वीजपुरवठा; साधी तरंगाकृती व चौकोनी तरंगाकृती अशा दोन्ही देणारा संकेतजनक; दोन संकेत एकाच वेळी दाखविणारा ऑसिलोस्कोप; एक मिलिवॉटहून कमी शक्तीचा, स्वतः मोजून पाहिलेला लेसर; चौकटी आखलेली पांढरी भिंत; आणि कापडी वा पोलादी फूटपट्टी. स्कॅनर धातूच्या जाड ठोकळ्यात घट्ट बसविलेले असावेत, कारण त्यांची उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते. चाचणीचा कमी शक्तीचा लेसर हा काटकसरीचा उपाय नव्हे. जुळवणी चालू असता आरसे मनमानी वागतात, किरण कोठेही उडतो, आणि त्या वेळी मेजाभोवती माणसे असतात.

पहिली परीक्षा चौकोनी तरंगाची. संकेतजनकाकडून स्कॅनरला आज्ञा मिळते की, ‘येथून तेथे क्षणात जा’. पुन्हा, ‘परत ये’. ऑसिलोस्कोपच्या एका रेषेवर ही आज्ञा व दुसऱ्या रेषेवर संवेदकाचे उत्तर दिसते. आज्ञा कोपऱ्यासारखी काटकोनी असते; उत्तर तसे कधीच नसते. ते थोडे उशिराने निघते, चढते आणि स्थिरावते. छोट्या उडीसाठी चांगल्या स्कॅनरास मिलिसेकंदाचे एक ते तीन दशांश लागतात. उत्तर गोलाकार, आळसावलेले दिसले तर अवमंदन अधिक आहे. ते ठरलेल्या पातळीच्या वर उसळी मारून मग खाली-वर थरथरत स्थिरावले तर अवमंदन कमी आहे. उत्तर झटकन चढावे आणि उसळी न मारता थांबावे, ही इष्ट अवस्था.

विवर्धकाच्या पाटीवर पेचकसाने फिरविण्याचे बारीक पेच असतात: आकारमानाचा, एकंदर जोराचा, मंद हालचालीच्या अवमंदनाचा, जलद हालचालीच्या अवमंदनाचा, आणि काही पाट्यांवर आणखीही. तंबोरा लावणारा जसा खुंटी पिळून ढोबळ सूर मिळवितो व मग मणी सरकवून तो सूक्ष्मपणे साधतो, तसेच येथे करावयाचे असते. एक पेच फिरविला की दुसऱ्याची योग्य जागा बदलते. म्हणून थोडे थोडे, आळीपाळीने, पुनःपुन्हा पाहून. आरंभी जोर कमी ठेवावा. प्रत्येक पेचाची मूळ जागा फिरविण्यापूर्वी कागदावर टिपून ठेवावी. हा नियम न पाळल्यामुळे एका तासाचे काम चार दिवसांवर गेल्याची उदाहरणे प्रत्येक कारागीर सांगू शकेल.

तंबोऱ्याशी असलेले साम्य एका बाबतीत संपते. बेसूर तंबोरा फार तर कानास त्रास देतो. जोर प्रमाणाबाहेर वाढविलेला स्कॅनर मात्र शिट्टी वाजवू लागतो. ही शिट्टी म्हणजे आरसा आज्ञेविना स्वतःच कंप पावू लागल्याची खूण. ती ऐकू येताच पुरवठा तत्काळ बंद करावा. काही क्षणांतच वेटोळे जळू शकते, अथवा आरसा दंडावरून निखळून उडतो. या शास्त्रात कानही एक उपकरण आहे, आणि ते सर्वांत आधी सूचना देते.

दोन्ही स्कॅनर स्वतंत्रपणे जुळल्यावर त्यांची परस्परांशी तुलना करण्याची एक अतिशय सुंदर रीत आहे. एकच साधा तरंग दोघांसही एकाच वेळी द्यावा. दोघे बरोबर चालत असतील तर भिंतीवर तिरपी सरळ रेघ उमटेल. एकजण मागे रेंगाळत असेल तर रेघ उघडून लंबवर्तुळ होते. जितका उशीर अधिक, तितके ते अधिक फुगते. १८५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये लिसाजूने दोन नादकाट्यांस आरसे जोडून व त्यांवरून किरण उडवून अशाच आकृती पडद्यावर दाखविल्या होत्या. त्यास नादकाट्यांची जुळणी पाहावयाची होती, येथे स्कॅनरांची. ऑसिलोस्कोप नसलेल्या दुकानातही ही परीक्षा करता येते. तरंगाची वारंवारता वाढवीत न्यावी व रेघ कोठे उघडू लागते ते पाहावे. मोठ्या आरशाचा स्कॅनर सहसा मागे पडतो. त्यास फरपटत पुढे आणण्यापेक्षा चपळ जोडीदारास थोडे आवरणे अधिक सुरक्षित.

वर्तुळ आणि चौकोन

प्रारंभी ज्या गेजचा प्रश्न विचारला होता, ते गेज म्हणजे एक चित्र आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लेसर डिस्प्ले असोसिएशनने, म्हणजे ‘इल्डा’ने, ते प्रमाण म्हणून स्वीकारले. त्यात निरनिराळ्या रेषा, कोपरे व रंगाच्या खुणा आहेत; पण त्याचा आत्मा मध्यभागी असलेल्या एका चौकोनात व एका वर्तुळात आहे.

चौकोन अनेक बिंदूंनी, सावकाश काढलेला असतो. ढिला स्कॅनरही त्यास फारसा विकृत करू शकत नाही. वर्तुळ मात्र अवघ्या बारा बिंदूंत आटोपलेले असते. सेकंदाला तीस हजार बिंदू या वेगाने बारा बिंदूंचे वर्तुळ सेकंदाला अडीच हजार वेळा पुरे होते. संगणकाच्या पडद्यावर हे चित्र पाहिले तर वर्तुळ चौकोनाच्या बाहेर, त्याच्या चारही कोपऱ्यांतून जाणारे दिसते. भिंतीवर मात्र, स्कॅनर नीट जुळलेला असल्यास, तेच वर्तुळ चौकोनाच्या आत येऊन चारही बाजूंस अलगद टेकते!

हे कसे घडते? चौकोनाची अर्धी बाजू १ मानली, तर कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या पायथागोरसच्या सिद्धांतानुसार दोनाचे वर्गमूळ, म्हणजे १·४१४ असते. अडीच हजार वारंवारतेस आरशाची झेप मूळ मापाच्या ०·७०७ पट उरली, तर वर्तुळाची त्रिज्या बरोबर १ होते. कोणत्याही यंत्राची झेप जेथे ०·७०७ पट होते, ती वारंवारता त्याच्या कार्यक्षेत्राची सीमा समजण्याची अभियंत्यांची रूढी आहे. म्हणून वर्तुळ बाजूस टेकले, याचा अर्थ स्कॅनरची सीमा अडीच हजारांवर आहे. वर्तुळ आत राहून बाजूंपासून सुटले, तर स्कॅनर ढिला. बाजू ओलांडून बाहेर गेले, तर तो फाजील ताणलेला. वर्तुळ अंड्यासारखे झाले, तर जोडीतील दोघांचे जमलेले नाही. एका खडूच्याही खर्चाविना, केवळ डोळ्यांनी वाचता येणारे हे माप ज्यांनी योजिले त्यांच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे.

फूटपट्टीची गरज येथे लागते. तीस हजारांची ही कसोटी किरणाच्या आठ अंशांच्या फैलावास लागू आहे. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून आरशाचे वळण चारच अंशांचे. भिंत तीन मीटरवर असेल तर आठ अंशांचे चित्र सुमारे ४२ सेंटिमीटर रुंद असावयास हवे. विकणारा तेच चित्र २० सेंटिमीटरचे करून दाखवील तर वर्तुळ छान टेकेल, परंतु त्यावरून काही सिद्ध होणार नाही. अर्ध्या कोनात आरशास अर्धीच झेप घ्यावी लागली. कोन न सांगता सांगितलेला वेग हा अर्धवट आकडा होय, आणि बाजारात असे अर्धवट आकडे विपुल आढळतात. म्हणून आधी पट्टीने रुंदी मोजावी, मग वर्तुळ पाहावे. चित्र प्रथम बारा हजारांच्या वेगाने चालवून हळूहळू वाढवीत न्यावे. प्रत्येक पायरीवर प्रवाह व स्कॅनरची उष्णता पाहावी.

थांबलेला किरण

येथपर्यंतच्या परीक्षा चित्राच्या सौंदर्यासाठी होत्या. आता उरते ती परीक्षा, जिचे चित्र भिंतीवर उमटत नाही.

खेळासाठी वापरल्या जाणाऱ्या लेसरची शक्ती वॉटमध्ये मोजतात. डोळ्यात क्षणमात्र गेल्यास सामान्यतः इजा होत नाही असा दृश्य लेसर एक मिलिवॉटपर्यंतचा मानला जातो, तोही पाव सेकंदात पापणी मिटेल या हिशेबाने. पाच वॉटचा किरण त्याच्या पाच हजारपट झाला. डोळ्याचे भिंग हा किरण दृष्टिपटलावर अतिशय बारीक ठिपक्यात एकवटते, म्हणून हानी पापणी मिटण्यापूर्वीच होऊन जाते. आणि जळालेले दृष्टिपटल पूर्ववत होत नाही.

किरण वेगाने फिरत असतो तोवर एका जागी त्याचा मुक्काम अल्प असतो. दहा मीटर अंतरावर आठ अंशांची रेघ १·४ मीटर लांब होते. ती ओलांडण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागत असेल, तर सात मिलिमीटरच्या बाहुलीवरून किरण सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागात निघून जातो. तोच किरण थबकला तर पाव सेकंदाचा, म्हणजे पाच हजारपट काळाचा मारा होतो. फिरणारा किरण त्यामुळे निर्धोक ठरतो असे मात्र नव्हे, कारण तो पुनःपुन्हा त्याच जागी येतो. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या पातळीवर किरण न सोडणे हाच मूळ नियम आहे. २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलास इजा झालेले तरुण आल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात प्रशासनाने लेसर झोतांवर बंदी घातली. अशा सर्व इजा स्कॅनर बिघडल्याने झाल्या असे म्हणता येणार नाही. गर्दीवर रोखलेला किरण हा यंत्राचा दोष नसून योजनेचा दोष असतो. तथापि स्कॅनर थांबण्याचा धोका वेगळा आहे, कारण त्यात योजना निर्दोष असूनही अपघात संभवतो.

त्यासाठी प्रक्षेपकात एक पहारेकरी मंडल बसवितात. ते दोन्ही संवेदकांचे उत्तर सतत पाहते. आरशांचा वेग ठराविक मर्यादेखाली गेला, की ते लेसर बंद करते. विकत घेताना ‘मंडल बसविलेले आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. त्याची परीक्षा करावी. किरण काळ्या, न चकाकणाऱ्या धातूच्या पेटीत सोडावा आणि पेटीत किरणाच्या वाटेवर एक फोटोडायोड ठेवून त्याची तार ऑसिलोस्कोपला जोडावी. दुसऱ्या रेषेवर संवेदकाचा संकेत घ्यावा. चित्र चालू असताना आडव्या स्कॅनरची आज्ञा तोडावी, मग उभ्याची, मग दोहोंची, शेवटी विवर्धकाचा वीजपुरवठाच बंद करावा. आरसा थांबल्यापासून प्रकाश विझेपर्यंतचा काळ पडद्यावर थेट मोजता येतो. तो काही मिलिसेकंदांचा असावा. एखाद्या प्रसंगी प्रकाश विझलाच नाही, तर वर्तुळ कितीही सुबक टेकत असले तरी तो प्रक्षेपक मेजावरून हलवू नये.

सर्व मोजमापे एका कागदावर लिहून यंत्राबरोबर ठेवावीत: अंतर, चित्राची रुंदी, कोन, वेग, प्रवाह, अर्ध्या तासाने झालेली उष्णता, आणि चारही प्रसंगी प्रकाश विझण्यास लागलेला काळ. थंड असताना जुळलेला स्कॅनर तापल्यावर थोडा सरकतो, म्हणून अर्ध्या तासानंतर वर्तुळ पुन्हा पाहावे. आरसा फुटून नवा बसविला, तर जुना कागद निरुपयोगी होतो; नव्या काचेचे वजन जुन्याइतके नसते, आणि परीक्षा चौकोनी तरंगापासून पुन्हा सुरू करावी लागते.